चौकड्यांचा शर्ट

८ नोव्हेंबर

आईने शर्ट द्यायला साफ नकार दिला! मग मीही हट्टाला पेटले. शेवटच्या वर्षाची फिल्म, अख्खी गोष्टच शर्टाची — घर सोडून गेलेला माणूस आणि मागे राहिलेला त्याचा शर्ट — आणि खरा शर्ट आमच्याच कपाटात असताना मी भाड्याने आणू? "दुसरा कुठलाही घे ना," म्हणे. दुसरा कसा चालेल? बाबांना ओळखू आला पाहिजे.

त्यांनी फिल्म बघावी आणि परत यावं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. सरांना अर्थातच वेगळं सांगितलंय. कुटुंबसंस्था वगैरे.

९ नोव्हेंबर

दिला. तोंड फुगवून, पण दिला.

बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. दारात बसून राहायचे, जेवायचे नाही. एक दिवस आईने कपाट उघडून हाच शर्ट दाखवला. "शर्ट ठेवून गेलेत ना? मग येतील." केवढा धीर आला होता! पुढे कधीही जीव कासावीस झाला की मी कपाट उघडायचे, शर्टात नाक खुपसायचे. डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. मला तो बाबांचाच वाटायचा. अजून वाटतो.

१७ नोव्हेंबर

शूटिंग सुरू. आमचा नट एरवी विमा विकतो. दिवसभर बोलून पोट भरणारा माणूस, आणि फिल्ममध्ये त्याला एकही वाक्य नाही! फार दुःखात आहे.

कपडे सांभाळणारी मैत्रीण — तिला आम्ही सुई म्हणतो, बोलते तशीच — शर्ट उलटासुलटा करून म्हणाली, "अगं, हा तर कोरा करकरीत आहे! कॉलर बघ. पडद्यावर खोटा दिसेल." मला उलट अभिमानच वाटला. म्हटलं, बाबा फार नेटके होते. तिने कॉलर चहाच्या पाण्यात बुडवली, कोपरांपाशी दगडाने घासलं. आई बघत होती. मला वाटलं, आता भडका उडणार. तर म्हणाली, "घासा, घासा. अजून घासा."

आमच्या आईचं काही कळत नाही.

२४ नोव्हेंबर

आज तो शर्ट घालून नट दारातून आत आला. पाठमोरा. कॅमेऱ्यामागे माझं 'कट' म्हणायचंच राहिलं. बिचारा घरभर फिरला, शेवटी फ्रिजपाशी थांबून म्हणाला, "आता काय करू?" सगळे खो खो हसले. मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

१२ जानेवारी

एडिटिंग. दिवसभर पाठमोरे बाबा. मागे-पुढे, मागे-पुढे. येतात, पण पोचत नाहीत.

२ मार्च

उद्या कॉलेजच्या हॉलमध्ये पहिला शो. काकांकरवी बाबांना निरोप धाडलाय. काका म्हणाले, "भावाच्या कानावर घालतो गं. पण फार आस लावून बसू नकोस."

आस लावूनच बसलेय, काका.

३ मार्च

हॉल गच्च! शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि जो येईल त्याच्याशी भांडले. दिवे मालवले तरी डोळे दाराकडेच. माझी पहिली फिल्म, आणि मी ती पाहिलीच नाही. टाळ्या मात्र खूप झाल्या. सर म्हणाले, "नटापेक्षा शर्टाने जास्त काम केलं!" नटाचं तोंड एवढंसं झालं.

आले नाहीत.

हॉल रिकामा झाल्यावर आई आली, पर्स उचलून मांडीवर घेतली आणि त्या खुर्चीत बसली.

९ मार्च

फिल्म इंटरनेटवर टाकली. लिंक काकांकडे दिली. दर थोड्या वेळाने प्रेक्षकांचा आकडा बघते. एकाने वाढला की वाटतं, हे बाबाच.

१५ मार्च

बाबांचा फोन! इतक्या वर्षांनी. "छान केलीस. मन लावून केलीस." परत याल का, हे मी विचारलंच नाही. आवाजावरूनच कळलं. मग म्हणाले, "तो शर्ट कुणाचा गं? चौकड्या मी जन्मात घातल्या नाहीत."

फोन ठेवला. ती कोरी कॉलर आठवली. म्हणजे आईनेच आणला होता, दुकानातून. मी जेवत नव्हते म्हणून.

ती दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"शर्ट ओळखला त्यांनी."

माझ्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "खोटारडी!"

म्हटलं, "तुझ्यावरच गेलेय."