माणसाळलेली

४ जानेवारी

पोचले एकदाची! टेम्पोतून उतरले तेव्हा अंगावर इतकी धूळ होती, की मालक म्हणाले, बोलावली होती सुतारीण, ही कुंभारीण कुठून आली? पहिल्याच वाक्याला मी खो खो हसले. मग त्यांनी हत्यारांची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. एरवी लोक आधी पेटीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि विचारतात, मिस्त्री मागून येतायत का? यांनी विचारलं नाही.

घोड्यांचं मोठं कुरण आहे. घरामागे लांबलचक तबेला. दारांना वाळवी लागलीय, ती सगळी नवी करायची. चांभाराची नजर जोड्यावर, तशी माझी चौकटीवर. घरात शिरताच पाहिलं, दारं अगदी गुळगुळीत बसलेली, कुठे करकर नाही. मला कोपऱ्यातली खोली मिळालीय, पूर्वेला खिडकी असलेली. घरात मालक आणि त्यांची ताई, दोघंच. ताई चाळिशीची असेल, अबोल. वाढताना माझे हात निरखत होती.

काम मनासारखं, माणसं भली. आणखी काय हवं?

९ जानेवारी

आज नवी घोडी आली. तांबूस रंगाची, पक्की रानटी. आल्या आल्या लाथ झाडून कुंपणाची फळी फोडली, म्हणजे मला आणखी काम. मालक चाबूक हातात धरत नाहीत. गोल आवारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात, पायाशी पाण्याची बादली. आवारात दुसरीकडे थेंब नाही. मी विचारलं, ही बाई किती रुसणार? म्हणाले, मारून जनावर येतं, पण राहत नाही. आपण आपल्या मर्जीनेच आलो, असं तिला वाटलं पाहिजे.

दिवसभर ते वाक्य मनात घोळत होतं. असा धीर असलेला पुरुष मी पाहिला नव्हता. बाबाही रंधा अडला की लाकडाला शिव्या द्यायचे.

१४ जानेवारी

बोटात लाकडाचं कुसळ गेलं. मालकांनी विचारलं, काढू का? आणि थांबले. मी हात पुढे करेपर्यंत नुसते थांबले. मग इतक्या हलक्या हाताने काढलं, की कळलंही नाही. वयाची बत्तीस वर्षं उलटली माझी, तरी कान तापले. आता मला ‘सुतारपक्षी’ म्हणतात. दिवसभर टकटक करते म्हणून.

मोबाइल घोड्यांच्या हौदात पडला. कठड्यावर ठेवलेला आठवतो, पडला कसा कोण जाणे. ते शहरात दुरुस्तीला देणार आहेत.

ताईला सांगितलं, तुझा भाऊ फार चांगला आहे गं. ती म्हणाली, हो. आणि भांडी घासत राहिली.

१८ जानेवारी

घोडी प्यायली! सकाळी स्वतःहून आली, मान खाली घातली आणि त्याच्या पायाशी प्यायली. त्याने पेपरमधून डोळेसुद्धा वर केले नाहीत. मग माझ्याजवळ आला, माझ्या केसांतला भुसा एकेक कण वेचून काढला. मी डोळे मिटून उभी होते.

हो, ‘तो’ लिहिलं. रोजनिशीत कोण बघतंय?

तबेल्याची दारं संपत आली. तो म्हणाला, घराला मागच्या बाजूने ओसरी हवीय— वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. माझ्या बुटांचे तळ सुटलेत म्हणून तेही त्याने शिवायला नेले. इतकी काळजी माझी कुणी घेतली नव्हती.

२२ जानेवारी

मोबाइल आलेला नाही. बूटही नाहीत. करवत आणि पटाश्या धार लावायला गेल्यात. विचारलं तर हसतो. म्हणतो, घाई कसली, सुतारपक्षी?

आज एक विचित्र गोष्ट झाली. सकाळी तो घोड्यांना दाण्यासाठी शीळ घालतो, एक लांब, एक आखूड. शीळ वाजली आणि मी रंधा खाली ठेवून चालायला लागले. स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर भान आलं. समोर ताई, तीही हातातलं काम टाकून उठलेली. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मला हसू यायला हवं होतं.

आलं नाही.

२४ जानेवारी

घोडीला तपासायला जनावरांचे डॉक्टर आले होते. तो औषधाला पाणी आणायला गेला, तेवढ्यात मी विचारलं, मला गाडीतून शहरापर्यंत सोडाल का? म्हणाले, बसा की. मग सहज बोलले, ओसरीवरच्या त्या बाईंनाही एकदा घेऊन जा, फार वाळल्यात. मी म्हटलं, मालकांची ताई ना? डॉक्टर हसले. मालकाला बहीण कुठली? एकुलता एक तो. या बाई घर रंगवायला आल्या होत्या. बरीच वर्षं झाली.

मी गाडीच्या दाराकडे निघाले.

तो पाणी घेऊन परत आला. डॉक्टर म्हणाले, चला, निघायचं? आणि माझ्या तोंडून आलं, नको, काम बाकी आहे. मी नाही बोलले ते. शपथ. माझंच तोंड, माझाच आवाज— पण मी नाही बोलले.

गाडी गेली. त्याने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला, मानेखाली. घोडीला ठेवतो तसा.

२५ जानेवारी

कपडे वाळत घालताना ताईला विचारलं. आधी चिमटे लावत राहिली. मग रडली, आवाज न करता. म्हणाली, माझे रंगाचे डबे अजून माळ्यावर आहेत. मीही त्याच्यावर जीव टाकला होता गं. फाटक कधीच बंद नव्हतं. रोज वाटायचं, उद्या जाऊ.

तिचा हात घट्ट धरला. म्हटलं, तुला घेतल्याशिवाय जाणार नाही.

तिला वाट ठाऊक आहे. कोरड्या ओढ्यातून मोठ्या रस्त्याला. तो बाजाराला गेला, की निघायचं.

२६ जानेवारी

सकाळपासून तो माझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलाय. पेपर वाचतोय. पायाशी तांब्या.

माझ्या खोलीतला माठ रिकामा आहे. काल भरला होता. मीच भरला होता.

दार उघडंच. अडवलेलं नाही कुणी.

दुपार. जीभ टाळूला चिकटलीय. जाणार नाही. नाही जाणार.

गेले.

प्यायले. त्याच्या पायाशी बसून. त्याने वर पाहिलंही नाही. आणि मला— देवा— मला बरं वाटलं.

२८ जानेवारी

तो घोडे घेऊन बाजाराला गेला. निघालो. ताईच्या चपला माझ्या पायात, ती अनवाणी. ओढ्यात पायाला काटे, उन्हाचा कहर. दोनदा माझे पाय आपोआप वळले, दोनदा तिने ओढलं. तिच्यात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

रस्त्याकडेला दूध डेअरीची पडकी शेड आहे. तिथे बसलोय. ताई म्हणाली, तू सावलीत थांब, मी गाडी येतेय का बघते. म्हणून लिहितेय. सुटलो. सुटलो!

बाबांच्या घरी जाऊ. तिला रंगकाम मिळवून देईन. दोघी मिळून—

उशीर का लागतोय तिला?

रस्त्यावर चाकांच्या खुणा नाहीत. गवत वाढलंय. इथून गाड्या जातच नाहीत. वर्षानुवर्षं गेलेल्या नाहीत. मग तिने इथेच का—

शेडमध्ये कोपऱ्यात बायकांच्या चपला. जुन्या. एक जोड नाही, बरेच.

पावलं.

ताई. आणि तो. ती पुढे, तो मागे. घाई नाही दोघांनाही. बाजाराला गेलाच नव्हता.

ती हसतेय. पहिल्यांदाच हसताना बघतेय तिला. दारात थांबली. हात पुढे केलाय. म्हणतेय, घाबरू नकोस गं, पहिल्या वेळी मलाही असंच आणलं होतं, तेव्हाची ताई म्हणाली होती की—