रिहाबचे मंगळवार

बेजा,
१८ नोव्हेंबर २०२२

प्रिय फौझिया,

सलाम. तू आणि मुलं सुखात असाल. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकलंही असशील. टाक, पण फाडू नकोस.

इकडे थंडी पडली. ऑलिव्ह उतरवायला सुरुवात झालीय, फळ यंदा बारीक आहे. माझा गुडघा तसाच. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून दोन वर्षं झाली, इथल्या 'दुसरी संधी' केंद्रात जाते. शाळा अर्धवट सुटलेल्या पोरांना पुन्हा शिकायला बसवायचं, नाहीतर कुठे कामाला लावून द्यायचं. यादी घेऊन दारोदार फिरायचं काम माझ्याकडे. तू हसशील. बावीस वर्षं शाळेच्या फाटकात उभी राहून पोरांना परत पाठवणारी मी, आता "या गं, या" करत हिंडते.

आमच्याकडे मार्चमध्ये एक मुलगी आली. अठरा वर्षांची, रिहाब. फ्रिज दुरुस्तीचं काम शिकायचं म्हणाली. हात चांगला. दोन महिन्यांत हेदीकाकांनी तिला आपल्या दुकानात सकाळच्या कामाला घेतलं, दुपारी ती आमच्याकडे वर्गाला यायची. ते म्हणाले, "बाई, माझ्या दोन्ही जावयांपेक्षा हिला जास्त कळतं."

पण मला ती पहिल्या दिवसापासून खटकत होती. माझ्याशी फार नीट वागायची. "हो बाई, ठीक आहे बाई." डोळ्याला डोळा भिडवायची नाही. मी खोलीत शिरले की फोन पालथा ठेवायची. सप्टेंबरपासून दर मंगळवारी दुपारी सुट्टी मागायला लागली. एकदा पोट दुखतंय, एकदा मावशी आजारी. मी मावशीचं नाव विचारलं तर पटकन सांगितलं. ते पटकन सांगणंच मला आवडलं नाही.

मग माझी यादी. ती मी खणात ठेवते, नेफ्झाकडच्या गावांचं पान सगळ्यात खाली. एका बुधवारी ते वर होतं. त्याच आठवड्यात जिन्याखाली ती फोनवर बोलताना मी ऐकलं. "फक्त मुलीच. घरी आत्ताच कळू देऊ नका. गाडीचं मी बघते."

तू असतीस तर तुला काय वाटलं असतं? गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या दोन मुली होडीने इटलीला निघाल्या होत्या. एकीचा अजून पत्ता नाही. तिची आई मला बाजारात भेटते, आणि मी रस्ता बदलते. मला वाटलं, ही रिहाब आमच्याच यादीतून मुली हेरून दलालाला पुरवतेय.

मी लुत्फी साहेबांना सांगितलं. ते आमचे संचालक, घाबरट माणूस. ते म्हणाले, "नजिबाबाई, खात्री आहे ना?" मी म्हटलं, "आहे." त्यांनी पोलिसांत कळवलं. रिहाबला दुकानातून उचलून नेलं, चार तास बसवून ठेवलं. ती एवढंच म्हणाली की मी काही वाईट केलेलं नाही. हेदीकाकांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकांसमोर पोलीस आले होते, त्यांचाही इलाज नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी केंद्राच्या दारात तीन मुली उभ्या. पायात चिखलाचे बूट, एकीच्या हातात भाकरीचं गाठोडं. "रिहाबताई कुठे आहे?" मी म्हटलं, "तुम्ही कोण?" नेफ्झाकडच्या. माझ्या यादीतल्या. मी दोनदा जाऊन आले होते, दोन्ही वेळा त्यांच्या बापांनी दार लावून घेतलं होतं.

त्यातली मोठी, अबीर, सांगायला लागली. रिहाब दर मंगळवारी यायची. केंद्राचं नाव काढायची नाही. आईबरोबर ऑलिव्ह निवडायची, बापाचा फ्रिज दुरुस्त करून दिला, मग हळूच विषय काढला. तोवर घरी कळू देऊ नका, असं मुलींना फोनवर बजावलं होतं; घरच्यांनी शेवटी होकार दिला, तेव्हा फक्त मुलींसाठी गाडी ठरवली. मी विचारलं, "आणि केंद्राबद्दल काय म्हणाली?"

अबीरने सांगितलं, "म्हणाली, तिथे एक बाई आहे. तिनेच मला शाळेतून काढलं होतं. आता तीच पोरींना बोलवायला चिखल तुडवत फिरते. म्हणजे जागा बरी असणार."

आता तुला ती आठवली असेल. तशी नाव वाचताच आठवली असेल, मीच घोळवत बसले. हो, तीच. आठवीतली. गैरहजेरीच्या चिठ्ठ्यांवर आईची खोटी सही करायची, म्हणून मी जिला शिस्त समितीपुढे उभं केलं, ती. समितीत सगळ्यांनी हात वर केले, तू केला नाहीस. बाहेर येऊन मला म्हणालीस, "तिला एकदा विचार तरी." मी म्हटलं, "खोटारड्यांना काय विचारायचं?" त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

मार्चमध्ये ती दारात आली तेव्हाच मी ओळखलं होतं. तिनेही. दोघींनी ओळख दाखवली नाही. ही सूड घ्यायला आलीय, असंच मला आठ महिने वाटत राहिलं. बाकीचे पुरावे मी त्यावर रचत गेले.

त्याच दुपारी तिच्या घरी गेले. तिने दार अर्धंच उघडलं.

"आता काय राहिलं, बाई?"

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"यादी मी घेतली होती. ते खरं आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं?"

"नसतं दिलं," मी म्हटलं.

"आईला लिहिता येत नव्हतं," ती म्हणाली. "मी तिला डायलिसिसला दवाखान्यात न्यायची, तेव्हा शाळा बुडायची. ती म्हणायची, माझ्या नावाने तूच कर सही. त्याच हिवाळ्यात ती गेली. तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत. आत्ताही विचारलं नाहीत."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांत जाऊन लिहून दिलं. हेदीकाकांच्या दुकानात गिऱ्हाइकं असतानाच गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आळ मी घेतला होता, खोटा होता. काका म्हणाले, "बाई, मलाही तिला विचारता आलं असतं." सोमवारपासून ती पुन्हा कामावर आहे. त्या तिघी मुली वर्गात बसतात. रिहाब केंद्रात येते, पण माझ्याशी बोलत नाही. काही हवं असलं की अबीरला पाठवते. आणि तुझ्यापाशी लपवून काय करू, काल ती खणाजवळून गेली तर माझी नजर गेलीच. तिने ती बघितली.

परवा मात्र तिने एक गोष्ट स्वतः येऊन विचारली. "त्या दुसऱ्या बाई कुठे असतात? ज्यांनी हात वर केला नव्हता. मी खिडकीतून बघत होते."

तुझा नाबलचा पत्ता माझ्या वहीत आहे. मी तो तिला दिलेला नाही. तिला सांगितलं, आधी त्यांना विचारते.

तर विचारतेय, फौझिया. देऊ का?

जिच्याशी बोलणं सोडून तू काही चुकीचं केलं नाहीस, ती
नजिबा