गाडी क्रमांक तीनचा दुसरा गिअर

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
शाळा बस विभाग, संस्था कार्यालय, दिग्रस.

विषय : गाडी क्र. ३ सोमवारी घाटात न सोडणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराने दि. १०/११ रोजी तोंडी केलेली विनंती, जिच्यावर साहेब हसले होते.

महोदय,

अर्जदार उत्तमसिंग बादलसिंग आडे, गेल्या महिन्यात निवृत्त झालेला चालक, सविनय कळवितो की त्यास अतिशय भीती वाटत आहे.

१. गाडी क्र. ३ चा दुसरा गिअर उतारावर पडत नाही. पडलाच तर करकरतो व उडून बाहेर येतो. उकंडा मिस्त्रींनी गिअरचे तेल काढले, त्यात पितळ चमकत होते. गिअर बसण्याआधी वेग जुळवून देणाऱ्या पितळी रिंगा, म्हणजे सिंक्रोनायझर, झिजून संपल्या आहेत. घाटात दुसरा गिअर नसला की सगळा भार ब्रेकवर, आणि आत चौतीस लेकरे.

२. रिंगा कोणी झिजवल्या हे लिहून देणे भाग आहे. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडायची, डिझेल वाचवायचे, वळण आले की दांडी ठोकून दुसरा टाकायचा, ही पद्धत अर्जदाराचीच. आपण त्याबद्दल तीनदा प्रशस्तिपत्र दिले व नव्या चालकांस शिकविण्यास सांगितले. अर्जदाराने छाती फुगवून शिकविले. सर्वांत चांगला शिकला तो त्याचा मुलगा सुनील. त्यासच आपण सोमवारपासून ही गाडी देऊन घाटाची फेरी दिली आहे.

३. क्लच पूर्ण दाब, दांडीवर हात टेकवू नको, गिअर बदलताना घाई करू नको, उतारावर न्यूट्रल तर नकोच, असे अर्जदार आता रोज बजावतो. सुनील म्हणतो, "बा, तुमीनच त शिकवलं मले. आता कायले भेऊन राह्यले?" बाजेवर बसल्या बसल्या अर्जदाराचा पाय ब्रेक शोधतो. पत्नी रुपीबाई ताट वाढते, अर्जदार ते तसेच बाजूला सारतो.

४. तरी रिंगा बदलेपर्यंत गाडी उभी ठेवावी, तेल वेळेवर बदलावे व डिझेल बचतीचे कौतुक बंद करावे. आदेश लेखी असावा. सुनील बापाचे ऐकत नाही, कार्यालयाचे ऐकतो. आदेश न निघाल्यास अर्जदार सोमवारी सकाळी पुढच्या चाकासमोर बसलेला आढळेल. तो प्यायलेला नसेल, याची नोंद घ्यावी.

आपला नम्र व भ्यालेला,
उत्तमसिंग बादलसिंग आडे
दि. २२/११/२०२५

सोबत :
१) प्रशस्तिपत्रे तीन, परत.
२) तेलातील पितळेचा चुरा, पुडीत.
३) गाडी क्र. ३ ची चावी, सुनीलच्या उशाखालून न विचारता काढलेली. दुसरी चावी आपल्या टेबलाच्या खणात असते. ती कृपया त्यास देऊ नये.