फळ्यावरचं ते वाक्य

दिवेआगर, मंगळवार, संध्याकाळ

सुपारी कातरत होतो, तेवढ्यात विनयाचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी. पुढाऱ्यांची गाजलेली वाक्यं मुळात कोणाची, ते ती शोधते. "सर, चौकातल्या साहेबांच्या पुतळ्याखाली कोरलेलं वाक्य त्यांच्या एकाही भाषणात नाही. सगळ्यात जुना पुरावा आपल्या शाळेच्या फळ्याचा फोटो. अक्षर तुमचं. कुठल्या पुस्तकातून घेतलंत?"

अडकित्ता हातातच राहिला. त्या सकाळी सुविचार सापडेना, म्हणून मीच जुळवलं होतं. खाली माझं नाव बघून पोरं हसली असती, म्हणून साहेबांचं घातलं. आता ते दगडात आहे! जयंतीला त्याच दगडावर हात ठेवून गाव शपथ घेतं. खरं कळलं तर मला सोडतील?

"पुस्तक काढून ठेवतो," असं बोलून गेलो. ती उद्या येतेय. कुठलं पुस्तक काढू?