टांगलेला नट

कातळवाडी, ता. राजापूर
दि. ४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आजीस,
रुचिराचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू दर वाक्यानंतर जेवलीस का एवढंच विचारतेस, म्हणून कागद घेतला. जेवले. काळजी नसावी.

काम आहे. गेल्या मे महिन्यात काय झालं ते तुला माहीतच आहे. भाड्याचा टेम्पो घाटीच्या पायथ्याशी उभा राहिला, वर चढेना. माणसांनी डोक्यावरून पेट्या उतरवेपर्यंत निम्मा आंबा उन्हात गेला. बाबांनी तेव्हाच दिंडोशीहून मला बजावलं की आणखी एक हंगाम देतो, त्यातही माल वेळेवर मार्केटला पोचला नाही तर बाग कंत्राटाने द्यायची आणि तू घरी यायचं. तुझा मुलगा तुला माहीत आहे. बोलला की बोलला.

त्यामुळे मला चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी. मागच्या दोन चाकांनी ही घाटी चढत नाही, गाडी जागीच माती उडवत बसते. नवी परवडणार नाही. मरोळला आजोबा कामाला होते त्या अण्णांच्या गॅरेजात २०११ सालची तशी पिकअप विकायला आहे. अण्णांच्या मुलाने, प्रीतमकाकांनी फोटो पाठवलेत. फोटोत ती नवरीसारखी दिसते, म्हणूनच भीती वाटते. मोहोर आलाय, फवारणी सोडून मला निघता येत नाही. बाबांना पिकअप आणि फ्रिज यांतला फरक रंगावरून कळतो. तू बघून येशील का? गॅरेजच्या दारात तू एकवीस वर्षं घावणे विकलेस. आजोबा म्हणायचे की अर्ध्या मेकॅनिकांपेक्षा म्हातारीला जास्त कळतं.

लोभ आहेच, वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.

तुझी नात,
रुचिरा


विक्रोळी, कन्नमवार नगर
दि. ११ फेब्रुवारी

चि. रुचिरा हीस,
जानकीआजीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर तुझं कोंबडीने उकरल्यासारखं. मी चौथी नापास, पण माझं बघ.

गाडी बघून आले. प्रीतमने अकराला बोलावलं होतं, मी नऊलाच जाऊन उभी राहिले. विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो, मग ते गुमान चालू होतं. थंड इंजिन खरं बोलतं. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. चावी मारायला सांगितली, दुसऱ्या फिरकीला घेतलं. ठीक. धूर बघायला पांढरं फडकं नेलं होतं, ते मागच्या नळीसमोर धरलं. जरा काळं झालं, तेलकट नाही झालं. मग ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला. आतून फुंकर येते, ती जोरात असेल तर इंजिन म्हातारं. माझ्या कानांना आता ऐकू येत नाही, पण हाताला येतं. फुंकर बेताची होती. तुझ्या बापाला सर्दी झाल्यावर असते तेवढी.

प्रीतम म्हणाला, गाडीने भाजी वाहिली आहे. मी मागे हौद्यात चढून फळीला नाक लावलं. कसली भाजी, मेला बांगडा वाहिला होता. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी पत्रा खातं. मी घरून उलथणं नेलंच होतं. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, खालून ताजा काळा रंग फासलाय तो दोन ठिकाणी खरवडला. आत लोखंड शाबूत आहे. हौद्याचा पत्रा मात्र गेला, तो बदलून देईन असं प्रीतमकडून कबूल करून घेतलं. चासीचा नंबर कागदावर पेन्सिलने घासून घेतला आणि आरसी बुकाशी एकेक आकडा ताडला. मला वेळ लागला. तो घड्याळ बघत होता, बघू दे.

आता खरं सांगायचं ते. मी स्टिअरिंगच्या खाली हात घातला तर तारेने टांगलेला एक नट हाताला लागला. तार तीन पिळांची आणि टोक आत वळवलेलं, कुणाचं बोट कापू नये म्हणून. तुझ्या आजोबाशिवाय हे दुसरं कुणी करत नसे. बाकीचे मेकॅनिक तार कशीही तोडायचे आणि दुसऱ्याचं रक्त काढायचे. म्हणजे ही गाडी त्याच्या हाताखालून गेली आहे. त्याने उघडलेलं यंत्र कुणी परत आणलं असं मी एकवीस वर्षांत बघितलं नाही.

मग मी पुढे काही तपासलं नाही. प्रीतमला सांगितलं, गाडी आमची.

बॅटरी नवी घे, तिचं आयुष्य संपत आलंय. प्रेमाचं काय ते बागेतल्या कलमांना सांग, मला कागदावर जमत नाही.

तुझी,
आजी


कातळवाडी
दि. १७ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा आंब्याखाली बसून मोठ्याने. आजोबांच्या हातची गाडी मला मिळणार. तो नट कुणाला काढू देऊ नकोस. मला आठवतं, मी सहा वर्षांची असताना ते मला गॅरेजात खोक्यावर बसवायचे आणि हातात एक नट नि एक बोल्ट द्यायचे. मी लावायची, काढायची. दुपार जायची. हात धुतले तरी वास जायचा नाही आणि आई तुझ्यावर ओरडायची.

एकच शंका. खालच्या वाडीतल्या अंबादासकाकांकडे पंधरा वर्षं जीप होती. त्यांना मी पत्रातलं सगळं वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, तुझ्या आजीला आपला नमस्कार सांग, पण चार चाकं ओढतात का ते तिने बघितलं का? नुसता चार चाकांचा लीव्हर पडतो म्हणून भागत नाही. गाडी वाळूत घालून पुढची चाकं फिरतात का ते डोळ्यांनी बघायला हवं.

आजोबांनी बघितली असेल तर ते असेलच ना सगळं? मी त्यांना तेच सांगितलं. ते विडी शोधत बसले.

लोभ ठेव, रागावली असशील तरी ठेव.

रुचिरा


विक्रोळी
दि. २२ फेब्रुवारी

चि. रुचिरास,
आशीर्वाद.

अंबादासला माझा उलट नमस्कार सांग. त्याने विडी शोधली ती बरोबर शोधली.

पत्र वाचलं आणि पायात चपला घातल्या. गॅरेजच्या मागे इमारतीचं काम चाललंय, तिथे रेतीचा ढीग आहे. प्रीतमला सांगितलं, घाल गाडी वर. लीव्हर टाक. त्याने टाकला. लोण्यात सुरी जावी तसा पडला. मागची चाकं रेती उडवत खड्डा खणू लागली आणि पुढची दोन देवळातल्या नंदीसारखी बसून राहिली.

तुझ्या आजोबाचा दाढीचा आरसा मी छत्रीच्या दांड्याला बांधून नेला होता. वाकायला कंबर नाही, म्हणून आरसा गाडीखाली सरकवून बघितलं. पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. तो नाहीच. दोन्ही टोकं उघडी आहेत, मध्ये नुसती हवा. शहरातल्या गाडीला चारी चाकांची गरज लागत नाही, शाफ्ट काढला की डिझेल जरा कमी जातं. म्हणून पूर्वीचे मालक काढून टाकायचे. प्रीतम शपथेवर म्हणाला की त्याने मासळीवाल्याकडून अशीच घेतली, त्याला माहीत नव्हतं. खरं बोलत असावा. बापाच्या गॅरेजात तो कधी गाडीखाली झोपला नाही.

म्हणजे चूक माझी. आणि आता ऐक, कुठली चूक ते.

घरी येऊन बसले. दाराच्या मागे खिळ्याला एक बटण दोऱ्याने टांगलेलं आहे. तू लहानपणी ओढायचीस आणि मी हातावर मारायची. तुझ्या आजोबाच्या निळ्या शर्टाचं ते. त्याची सवयच तशी. काही निघालं की तो त्याचा तुकडा डोळ्यांसमोर टांगायचा. बटण टांगलं की शिवायचं आहे. चावी टांगली की कुलपात तेल घालायचं आहे. काम झालं की तो दोरा काढून टाकायचा. बटण शिवायला मी उद्या घेते म्हटलं, आणि तो गेला. नऊ वर्षं झाली.

गाडीतला नट तोच. शाबासकी नव्हे ती. काम बाकी आहे, असं तो सांगत होता. शाफ्ट त्यानेच काढला, मालकाने काढायला लावला म्हणून, आणि परत लावायचा म्हणून नट टांगला. सबंध जन्म त्याच्या शेजारी काढला, आणि त्याची खूण बघून मला अभिमान सुचला, अर्थ नाही सुचला. तुझ्या बापाला हसायला एक कारण मिळालं.

प्रीतमला सांगून आले की शब्द परत घेतला. शाफ्टावाचून ही गाडी तुझ्या घाटीत उपयोगाची नाही, आणि आजोबाच्या तारेवर पेट्या चढत नाहीत. तूही तसा विचार करू नकोस.

आजी


कातळवाडी
दि. २७ फेब्रुवारी

ती. आजीस,
नमस्कार.

तुझ्यावर कोण हसेल? मी तर नट ऐकूनच गाडी घेतली होती, पुढची चाकं मोजलीही नसती.

पण आता अडचण झाली. इथल्या दोन पिकअप बघितल्या, दोन्हींत चार चाकांचा प्रकारच नाही. फळ आवळ्याएवढं झालंय. पहिली तोड अक्षय तृतीयेच्या मागेपुढे येईल. काल बाबांचा फोन आला. रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, तुझी खोली रंगवून घेतोय, कुठला रंग हवा. मी सांगते म्हटलं. घाटीच्या तोंडाशी जाऊन बसले आणि तिथून बाग बघत राहिले. आजी, मला इथून यायचं नाही गं. एवढंच लिहायला कागद घेतला होता.

तुझी,
रुचिरा


विक्रोळी
दि. ९ मार्च

चि. रुचिरास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या बापाला सांग, पैसे घालवू नकोस, खोलीला रंग नको.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला झोप नव्हती असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण मी झोपले. सकाळी चहा करताना सुचलं. ज्या माणसाने परत लावायचा म्हणून नट टांगला, तो शाफ्ट भंगारात कसा घालेल? त्याने आयुष्यात फुटकी बरणी फेकली नाही.

मरोळला गेले आणि सरळ अण्णांकडे गेले. अण्णा आता अठ्ठ्याऐंशीचे, गॅरेजच्या मागच्या खोलीत खुर्चीत असतात. त्यांना ऐकू येत नाही, मलाही येत नाही. आमचं बोलणं आख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटीने ऐकलं. मी ओरडून विचारलं, माझा माणूस काढलेले शाफ्ट कुठे ठेवायचा? ते आधी मला विचारत राहिले की घावणे का बंद केलेस. ते सांगितलं. मग आरशाने उजेड पाडावा तसं त्यांच्या तोंडावर काही आलं आणि काठी वर केली. लेथ मशीनच्या वर माळा आहे.

प्रीतमला चढवला. पन्नाशीचा माणूस, पोट मध्ये येत होतं, चढला. वर गोणपाटात गुंडाळलेले चार शाफ्ट निघाले. चारींना ग्रीस फासलेलं, चारींवर पांढऱ्या रंगात गाडीचा नंबर. तुझ्या आजोबाचे आकडे, त्यातला सात नेहमी काठी टेकून उभा असतो तसा. तिसऱ्यावर आपला नंबर होता. अण्णा म्हणाले, चारी मालक त्याला भंगारात घाल म्हणाले होते, तो मान डोलवायचा आणि माळ्यावर चढायचा. विचारलं तर म्हणायचा, गाडी काय कायम मुंबईत राहणार आहे?

प्रीतमने नवे क्रॉस टाकून शाफ्ट लावला. क्रॉस म्हणजे टोकाचे सांधे, ते जुने वापरू नयेत. सात नट त्याने नवे लावले. आठव्याला मी थांबवलं, तार सोडली आणि टांगलेला नट त्याच्या हातात दिला. चोख बसला. मग गाडी परत त्या रेतीच्या ढिगावर घातली. चारी चाकांनी रेती धरली आणि गाडी सावकाश वर गेली, गरोदर म्हैस चढते तशी, घाई नाही. प्रीतम खिडकीतून माझ्याकडे बघत होता. मी ढिगाखाली उभी राहून पुढची चाकं बघत होते. डोळ्यात रेती गेली.

हौद्याचा पत्रा बदलला. पासिंग पुढच्या सालापर्यंत आहे, कागद तुझ्या नावावर करायला टाकले.

प्रीतम बुधवारी गाडी घेऊन निघतोय. मी पुढच्या सीटवर असेन. दोन वर्षं तू बोलावतेस आणि मी येत नाही, म्हणून लगेच डोक्यावर चढू नकोस. मी शाफ्टावर लक्ष ठेवायला येते आहे. हंगाम संपला की परत. घाटी मी गाडीतूनच चढणार, आणि चढत असताना अंबादासला पायथ्याशी उभा कर.

येताना तुझ्या आजोबाचा निळा शर्ट आणते, फवारणीला घाल. कालच दारामागचा दोरा तोडला आणि बटण शिवलं. सुई ओवायला शेजारच्या तेजलला बोलवावं लागलं, बाकी टाके माझे. खिळा रिकामा दिसतो. त्याला पिशवी लावीन.

आमटी पातळ कर, मला दात नाहीत.

तुझी,
आजी