गिरणी लाईटवर कधी घ्यायची

२ सप्टेंबर १९६८
आणि वर म्हणे मी भिते! मी? सुटलेला पट्टा चालत्या चाकावर चढवणारी बाई लाईटच्या मोटरला भिणार? हा दत्तोबा मेकॅनिक तळेगावाहून येतो, माझाच चहा पितो आणि मलाच शिकवतो. म्हणाला, मावशी, तुमच्या गिरणीच्या इंजिनाचं सामान आता कंपनी बनवत न्हाई. मोटर बसवा, न्हाईतर बंद पडल्यावर मला बोलवू नका. म्हटलं, न्हाई बोलवत जा. गिरणी माझी, मोटर कधी बसवायची ते मी ठरवणार. घाई करणाऱ्यांची फजिती लय बघितलीय मी.

९ सप्टेंबर
ठरलं. पितृपक्ष होऊ द्यायचा. पितरांच्या दिवसांत नवं काम नको. भीती न्हाई, रीत.

११ सप्टेंबर
इंजिन बंद पडलं. दत्तोबाला बोलावलं. हसला, पण चालू करून गेला. चहा दिला न्हाई.

२३ सप्टेंबर
घट बसले. दसऱ्याचा मुहूर्त धरला. आमचे मालक म्हणाले, जुनं इंजिन राहू दे कोपऱ्यात, दिवाळीच्या भाजण्या निघाल्या की बघू. या माणसाला दमच न्हाई. एकदा ठरवलं की मागं बघायचं न्हाई. ओढ्यापलीकडच्या रखमाजीला इंजिन विकून टाकलं. विहिरीवर लावतो म्हणाला. लावू दे. गिरणी चालवायची अक्कल त्याला कुटं आलीय?

१ ऑक्टोबर, दसरा
नारळ फोडला, बटण दाबलं, चालू! धूर न्हाई, हँडल मारणं न्हाई, तेलकट हात न्हाई. आवाज तर अंगणाबाहेर जात न्हाई. उगाच चालू-बंद करत बसले. खुळ्यागत हसू येत होतं. मालक म्हणाले, आता पुरे, मोटर दमेल.

४ ऑक्टोबर
दसऱ्यापासून गिऱ्हाईक न्हाई. दिवाळीआधी असंच असतं. आजवर कधी नव्हतं, पण असतं.

६ ऑक्टोबर, सकाळी
ठाकरवाडीची चिंगी डोईवर पाटी घेऊन दारावरून सरळ पुढं! हाक मारली. म्हणाली, आगं मावशे, हायेस व्हय तू? आमाला वाटलं गिरण बंद पडली. डोंगरावर तुजं पुकपुक आलं की आमी दाणं डोईवर घेतो. आलंच न्हाई. म्हटलं, मग आता कुटं निघालीस? म्हणाली, वड्यापल्याड. पुकपुक तितं चाललंया.
रखमाजी!

संध्याकाळी
बघून आले. विहिरीवर काहीच न्हाई, गिरणी जोरात. जातं तेवढं त्याचं, इंजिन माझं, गिऱ्हाईक माझं. वर मेला हात जोडून विचारतो, वैनी, दळण आणलंय का?

७ ऑक्टोबर
उपाय सापडला. मालकांना दाराशी पत्र्याचा डबा बडवायला बसवलं. माणसं धावत आली. दळायला न्हाई, कोण गेलं ते विचारायला.

८ ऑक्टोबर
पहाटेपासून लाईट न्हाई. घरची भाजणी तशीच पडलेली. मालक ती डब्यात भरून रखमाजीकडं निघाले. म्हटलं, निघालाच आहात तर निरोप द्या. इंजिन परत दे म्हणावं. दळायला नको, मोटर आहे माझ्याकडं. नुसतं दारात पुकपुक करायला पाहिजे. व्हय की न्हाई, शुक्रवारपर्यंत कळव.