पाच डिसेंबरचं बंद दार

कालिम्नोस बेट, ग्रीस,
२ नोव्हेंबर १९७१

साकेलारीस पोरा,

इकडे सगळी धडधाकट आहेत, बकरीसुद्धा. तुम्ही तिघंही तशीच असाल. लिहून घेतायत पाद्रीबाबांच्या पत्नी एव्दोकियाबाई. अक्षर त्यांचं, राग माझा.

बाप्तिस्म्याला बाळाचं नाव पेरिक्लीस ठेवताय म्हणे. हा कोण, विचारलं. बाई म्हणाल्या, "अडीच हजार वर्षांपूर्वीचा अथेन्सचा थोर पुढारी." असेल. आपल्याकडे कधी जेवायला आला होता?

सूनबाई लिहितात, साऱ्या युरोपचे पूर्वज ते जुने ग्रीकच, तुमच्या म्युनिकच्या इमारतींनाही तसलेच खांब. न्या की खांब, पुतळेही न्या! गेल्या उन्हाळ्यात हान्नेलोर मोडक्या देवळाचा दगड कुरवाळत रडली, तेव्हा मी रुमाल दिला. बोलले का काही? मी घागर घेऊन आले तर म्हणते, "सासूबाई, अगदी जुन्या सुरईवरच्या चित्रातल्या!" म्हटलं, "चित्रातलीची कंबर दुखत नाही. दुसरी घागर तू धर." धरली बिचारीनं. पोर वाईट नाही.

राग तुझा आलाय. पहिल्या नातवाला आजोबाचं नाव, हे तिला सांगितलंस? तुझं नाव काय पुस्तकातून आलं? की तिथे पेरिक्लीसच्या देशाचा म्हणवून घेणं, स्पंज काढणाऱ्याचा पोरगा म्हणवून घेण्यापेक्षा बरं वाटतं?

आणि पेरिक्लीस नावाचा संतच नाही, मग संताच्या सणाला नामदिन कसा करणार! नामदिनाला त्याच्या दारी कोण येणार? खांब?

तुझ्या बाबांचा, सावासचा, नामदिन पाच डिसेंबर. ते दार सताड उघडं टाकायचे, अख्खं बंदर गोडधोड खाऊन जायचं. मग ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला स्पंजासाठी बुडी मारायला गेले. तेव्हापासून त्या दिवशी दार बंद. इतर बायका तीन वर्षांनी आपल्या माणसाची हाडं कबरीतून काढून वाइननं धुतात. मला धुवायला काही आलंच नाही.

एव्दोकियाबाई, हे खोडा. नाही म्हणतात.

घरात त्या नावाचं कुणी आलं, की दार उघडता येतं. एवढंच.

पेरिक्लीसचं नाव हजार पुस्तकांत आहे म्हणे, त्याला मरण नाही. सावासचं फक्त माझ्या तोंडात आहे, आणि माझे दात पडायला लागलेत.

बदाम सोलून ठेवलेत. पाच डिसेंबरच्या आत कळव, दार उघडू की नको.

बाळाला मुका. नाव अजून घेत नाही.

तुझी आई, सावासची सेवास्ती
(ही फुली मात्र माझ्या हातची) ✗